पेटीतली पोलकी

जातीचे पंच म्हणवता ना? लेकीने परजातीत लग्न केलं म्हणून झुंबरबाईला तिचं तोंड बघायची बंदी तुम्हीच घातलीत. नात सात वर्षांची झाली. अमळनेरहून एका एस्टीच्या अंतरावर, धुळ्याला. आजीने तिला अजून पाहिलेलं नाही. तरी दर दिवाळीला तिच्यासाठी हाताने पोलकं शिवते, गळ्याला कशिदा काढते आणि पेटीत ठेवते. मापाला गल्लीतली तेवढ्याच वयाची पोर उभी करते, दोऱ्याने मोजून त्याला गाठी मारते.

यंदा पोर फुरंगटली. "आजी, माप मन्हं, मंग पोलकं कोनले?"

"मन्ही नातले. धुयाले शे ती."

"मंग तिले बलाव ना!"

"तुन्हा आबाले इचार, बलावू का?"

पोर दोरा घेऊनच घरी पळाली.

पंच, ती पोर तुमचीच नात. दारात उभी आहे. द्या तिला उत्तर.