पाठमोरी निवड

"चल, फिरव पाठ," जाड्या म्हणाला.

दादाने गिटार मांडीवर घेतली आणि वाद्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या तो भिंतीकडे फिरला. समोर अँप, गिटारचा आवाज मोठा करणारा लाकडी स्पीकर, गुडघा टेकेल इतका जवळ. मागे फरशीवर डिस्टॉर्शनची दोन पेडलं, पायाने दाबली की गिटारचा साधा आवाज फाडून खरखरीत करणारी. त्यांच्यापाशी धाकटी बहीण उभी होती. पेडल डोळ्यांनी घ्यायचं नाही, कानांनी घ्यायचं, हा त्यांच्या बँडचा नियम, आणि तो दादानेच घातलेला. पेडलची डबी झोकदार दिसली की तिचा आवाजही झोकदार वाटायला लागतो, असं तो म्हणायचा.

आज मात्र नियमाच्या आडून भलतंच चाललं होतं, आणि दुकानदार सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं. दादाला वरचे, बारीक आवाज ऐकू येत नाहीत, असं जाड्याचं म्हणणं. जाड्या म्हणजे त्यांचा मावसभाऊ, बँडचा ड्रमर, तोंडाचा फटकळ. मागच्या कार्यक्रमात दादाने गिटारची धार इतकी चढवली की पुढच्या रांगेतली माणसं उठून मागे गेली. आणि हा म्हणतो, "अजून बोथटच आहे!" पेडल बिघडलंय, असंही वर छातीठोकपणे सांगितलं.

"ठीक आहे, नवीन घेऊ," जाड्या म्हणाला होता. "पण दोन पेडलांतला फरक तुला कानाने सांगता आला, तर रेकॉर्डिंगला तू. नाही आला, तर मी दुसरा गिटारवाला बघतो."

मिसरूड फुटायच्या आधीपासून ज्याच्या हातात गिटार आहे, त्याला हे ऐकवायचं म्हणजे कमाल झाली! एरवी दादाने जाड्याची हजेरीच घेतली असती. पण तो भांडला नाही, नुसता "बरं" म्हणाला.

"हे एक नंबर," तिने पायाने पहिलं पेडल दाबलं. दादाने तारा छेडल्या. जाडसर, गुरगुरणारा आवाज दुकानभर घुमला.

"आणि हे दोन." यात घुमारा कमी, आणि वर काच ओरखडल्यासारखी धार. दुकानदाराने तोंड वाकडं केलं.

"आता न सांगता बदल," जाड्याने फर्मावलं.

तिने दोन नंबर दाबलं. दादाने वाजवलं, थांबला, परत वाजवलं. बोल ना रे, धाकटी मनात म्हणत होती, बोल काहीतरी.

"दोन," दादा म्हणाला.

तिने बदललं. "एक." तिने बदललंच नाही. "परत एकच. फसवतेस होय गं?" मग शेवटचं एकदा. "हे दोन."

एकदाही चुकला नाही पठ्ठ्या! धाकटीला हायसं वाटणार, तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. दादाचा गुडघा अँपला घट्ट टेकलेला होता. एक नंबर लागलं की अँपची फळी थरथरायची, आणि तिच्याबरोबर दादाच्या पँटचं कापडही. दोन नंबरला ती थरथर जवळजवळ नव्हतीच. दादा गुडघ्याने ओळखत होता.

तिने जाड्याकडे पाहिलं. तो काउंटरपाशी उभा होता, तिथून त्याला गुडघा दिसत नव्हता. तिने एक शब्द काढला असता, तरी सगळं उघडं पडलं असतं. तिने नजर पेडलांकडे वळवली. सगळी गाणी तिने आणि दादाने मिळून बांधलेली. दुसऱ्या कुणाच्या गिटारवर ती गाणार तरी कशी?

"मग कोणतं देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"एक नंबर," दादा झटक्यात म्हणाला. "दुसरं फार किरकिर करतं."

जाड्याने येऊन दादाच्या पाठीत एक धपका घातला.

"चुकलं माझं. उगाच संशय घेतला. रेकॉर्डिंगला तूच."

दादा हसला. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं. धाकटीला तर हसावं की रडावं तेच कळेना.

दादाने गिटार स्टँडवर ठेवली, अँपला अगदी खेटून, आणि तो काउंटरकडे गेला. जाड्याही गेला. दुकानदाराने नव्या पेडलचा खोका पुढे सरकवला. दादा खाली मान घालून खोक्यात चाचपायला लागला.

इकडे दोन नंबरचं पेडल चालूच राहिलं होतं. चालू पेडल आणि अँपला चिकटलेली गिटार, एवढं पुरतं. एक बारीक शिट्टी निघाली, वाढत गेली आणि कानाच्या पडद्यात घुसली. दुकानदाराने कानांवर हात दाबले. जाड्यानेही दाबले.

"याच्याबरोबर अडॅप्टर येतो ना हो?" दादा खोक्यात बघत विचारत होता.

धाकटी धावली. तिने पेडलवर पाय मारला. शिट्टी बंद झाली आणि दुकान एकदम शांत झालं.

नेमकी तेव्हाच दादाने मान वर केली. समोर दोघांचे हात अजून कानांवर होते. त्याच्या हातातला खोका खाली पडला. त्याने घाईघाईने आपले दोन्ही कान झाकले, डोळे गच्च मिटले.

"अगं, बंद कर ते!" तो ओरडला. "कान फुटतील माझे!"

जाड्याने आपले हात हळूहळू खाली घेतले. दादाने मात्र कान घट्ट दाबून धरले होते.