शेवाळी हिरवा

"हा हिरवा नाही," म्हातारा म्हणाला. "ही शेवाळ आहे. डबक्यातली."

त्याने कॅनव्हास टेबलावर असा टाकला की कडेची कात्री खाली पडली. दुकानवाली बाई प्रिंटरमागून उठलीसुद्धा नाही.

"फाईलमध्ये असतं तेच छापून येतं."

"फाईलमध्ये मी काय काढलंय ते मला शिकवू नका."

चित्र त्याने स्वतः टॅबलेटवर काढलेलं होतं. खिडकीशी उभी असलेली एक पाठमोरी बाई, अंगात हिरवा स्वेटर, हातात काच पुसायचं फडकं. एवढंच. पण त्या स्वेटरच्या रंगावरून दुकानात आठवडेच्या आठवडे खडाजंगी चालली होती. म्हातारा धापा टाकत जिना चढायचा, नवा प्रिंट बघून नाक मुरडायचा आणि पुन्हा छापायला सांगून निघून जायचा.

कोपऱ्यात चौकटवाला पट्ट्या तासत होता. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं काम त्याचं. जुनी नोकरी सोडून तो नुकताच इथे लागला होता आणि या भांडणांनी त्याचं डोकं उठलं होतं.

"एवढा दम लागतो तर घरी बसावं माणसानं," बाई म्हणाली. "आम्ही घरपोच पाठवतो."

"घरपोच नको. समोर उभं राहून तपासल्याशिवाय मी काही घेत नाही. आणि ती खिडकी उघडा. शाईच्या वासात बसून तुमचा आवाज बसलाय, आता गिऱ्हाइकाचाही जीव घ्यायचा विचार आहे का?"

"माझ्या आवाजाचं तुम्ही बघू नका."

"मोठ्यांशी असं बोलायला घरीच शिकवलेलं दिसतंय."

"घरी जे कानावर पडलं तेच बोलते."

म्हातारा चित्रावर बोट आपटत म्हणाला, "तिचा स्वेटर असा नव्हता."

"रंग बरे आठवतात तुम्हाला," बाई म्हणाली. "परत छापते. या पुढच्या आठवड्यात."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं थांबत थांबत उतरत गेली. ती पार विरेपर्यंत बाईने कशाला हात लावला नाही.

चौकटवाल्याला राहवलं नाही. "ताई, या माणसाला पैसे परत द्या आणि वाटेला लावा. मुद्दाम छळायला येतोय तो."

"माझ्या गिऱ्हाइकाचं मी बघते."

"दवाखान्याच्या वेटिंग हॉलची चित्रं हातची गेली. का, तर मशीनवर याचा स्वेटर. मी घरी बायकोला काय सांगू?"

"तुझी चौकट तिरकी होतेय," बाई म्हणाली. "तिच्याकडे बघ."

दुसऱ्या दिवशी बाई शाई आणायला बाहेर पडली, तेव्हा त्याने ठरवलं. आज या म्हाताऱ्याची कटकट कायमची मिटवायची. कॉम्प्युटरवर त्याने ती फाईल उघडली. प्रिंटच्या सेटिंगवर नजर गेली आणि तो कपाळाला हात लावून बसला. मशीनमध्ये रोल कॅनव्हासचा, आणि सेटिंग चकचकीत फोटो पेपरचं. रंग मळके येणार नाहीत तर काय? बाकीची कामं त्याने उघडून पाहिली. सगळीकडे कॅनव्हासचंच सेटिंग होतं. रागाच्या भरात माणसाचं लक्ष उडतं, असं म्हणत त्याने ते बदललं आणि बटण दाबलं.

मशीनचं डोकं इकडून तिकडे घासत राहिलं. कॅनव्हास बोट बोट बाहेर आला. खिडकी आली, खांदे आले आणि मग स्वेटर आला. कोवळ्या पानासारखा, उन्हात धरल्यासारखा हिरवा. चौकटवाला स्वतःशीच हसला.

शाई वाळू दिली, वरून वार्निशचा हात दिला. बाई परतेपर्यंत त्याने चित्र आपल्या पट्ट्यांमागे लपवलं होतं. संध्याकाळी ती गेल्यावर त्याने ते चौकटीवर ताणलं, कोपरे मोडून मागून पिना ठोकल्या आणि बिलावरचा पत्ता शोधत निघाला.

म्हाताऱ्याने दार अर्धंच उघडलं. "काय आहे?"

"तुमचं चित्र. बघा, आणि आता काही खोट काढून दाखवा."

म्हाताऱ्याने चित्र दिव्याखाली नेलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला. स्वेटरवरून बोट फिरवलं. चौकटवाला छाती पुढे काढून उभा होता.

"बरोबर आहे," म्हातारा अखेर म्हणाला. "अगदी असाच होता."

"सेटिंग चुकलं होतं. मॅडमना न सांगता मीच केलं नीट. आता तुम्हाला तो जिना चढायला नको आणि आमच्या डोक्याला ताप नको."

म्हातारा खुर्चीत बसला. चित्र मांडीवर तसंच होतं, पण तो त्याच्याकडे बघत नव्हता.

"कुणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?" तो म्हणाला. "आता लेकीशी भांडायला मी कुठल्या निमित्ताने जायचं?"