पाचवी ब

‘पाचवी अ’च्या मुलांच्या मनगटावरच्या पट्ट्या सकाळीच बोलायला लागत. रक्ताला काय हवंय ते ओळखून कुणाला “आज नाचणी खा” म्हणत, कुणाला “आज मेथी.” घरोघरच्या आया त्याप्रमाणे डबा भरत. ‘पाचवी ब’ला पट्ट्या वर्षअखेरीस मिळायच्या होत्या. शाळेत हे चालतं की नाही याची चाचणी होती, मग दोन तुकड्यांत फरक दिसायला नको का?

आज रक्ततपासणीचे आकडे पाहून ही चाचणी घेणाऱ्या डॉ. करमरकरांचं पित्त खवळलं. दोन्ही तुकड्यांचं रक्त सारखंच सुधारलं होतं!

“बाई, ‘ब’ला पट्ट्या कुणी वाटल्या?”

मुख्याध्यापिका भांगरेबाईंनी आलेलं हसू दाबलं आणि त्यांना व्हरांड्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीतली अंगतपंगत बसली होती. ‘अ’मधल्या पायलनं मेथीची अर्धी भाजी ‘ब’मधल्या दिगंबरच्या डब्यात सारली आणि मगच पहिला घास घेतला. साऱ्या ओळीत तेच चाललं होतं.

“अहो, सगळी चाचणी पाण्यात गेली!” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “यांना वेगवेगळं बसवा, नाहीतर मला पट्ट्या परत न्याव्या लागतील.”

“एकट्यानं डबा खायची रीत या शाळेत नाही, डॉक्टर, आणि मी ती पाडणारही नाही.” बाईंची मान ताठ होती. “शाळेत हे चालतं का, एवढंच तुम्हाला बघायचं होतं ना? चालतं. ‘ब’साठी ठेवलेल्या पट्ट्या पुढच्या गावाच्या शाळेला देऊन टाका.”