पुरं नाव

ऐक गं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. हवालदार ओट्यावर बसलाय, मांडीवर पासपोर्टचा कागद, आणि तो वैशालीला विचारतोय, "गेल्या वर्षी जमिनीच्या मोर्चात तुमीच होता ना?"

वैशालीच्या हातात सुया आणि अर्धा स्वेटर. ऑक्टोबरचा घाम नुसता निथळतोय आणि ही बाई लोकर विणतेय. कारण डिसेंबरात लंडन! दिवाळे गावातून थेट लंडन! तिचा नवरा कान्हा पावणे गावातल्या रंगाच्या कारखान्यात कामाला. मालक विलायती. त्या पंच्याऐंशी साली त्यांनी बक्षीस लावलेलं. ज्याचा सप्टेंबरअखेरच्या वर्षभरात एक खाडा नाही, त्याला बायकोसकट नाताळात आठ दिवस लंडन. कान्हा तापानं फणफणत कामावर गेला, पण खाडा नाही केला. लग्नाला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दोघं फिरायला गेली ती एकदाच, घारापुरीला. ती पण सासूला घेऊन.

मग काय, तयारी विचारू नकोस. भिंतीवर लंडनचा नकाशा. वैशालीच्या पनवेलच्या मैत्रिणीचा कोट कपाटात. नदीतल्या बोटीत बसायचं की नाही यावरून रोज भांडण. कान्हा म्हणायचा, "कोळ्यानं लंडनला जाऊन बोटीत बसायचं? गावात तोंड दाखवायला जागा राहनार नाय." सासू केशरबाई मासळी विकून आली की टोपली ठेवायच्या आधी विचारायची, "तिथं बरफ पडतो, मंग सुकट वालवतान कुठं?"

आणि आता हा हवालदार.

"मी नव्हते," वैशाली म्हणाली. "मी त्या दिवशी माहेरी होते, पनवेलला."

हवालदारानं दुसरा कागद काढला. "मोर्चातून पोलीसगाडीत घातलेल्या बायकांची यादी आहे ही. वैशाली कान्हा कोळी, राहणार दिवाळे. केस चालू. केस असली की पासपोर्ट विसरायचा."

"पण मी नव्हतेच!"

"मग नाव काय भुतानं सांगितलं? पासपोर्टचा कागद आज वर जाणार, बाई. आत्ताच काय ते बोला. एकदा शेरा मारला की मारला."

कान्हा सहापर्यंत कारखान्यात. घरात दोघीच.

"मी व्हते."

केशरबाई दारात उभी. पदराला हात पुसत.

वैशाली वळली. आवाज फाटला तिचा. "तुमी? आणि माझं नाव दिलंत? स्वतः सुटायला माझा बळी दिलात, आई?"

"सुटाला नाय गो."

"मग कशाला? केशरबाई म्हणून सांगायचं ना सरळ!"

"सांगलं. तो साहेब बोलला, पुरं नाव सांग. पुरं. नवऱ्याचं लावून." केशरबाई खाली बघत होती. "मी कवाच नाय घेतलं त्यांचं नाव. लगीन झाल्यापासून नाय. ते गेले तवा पन नाय. लायनीत मागच्या बाया ढकलीत व्हत्या, साहेब वरडत व्हता. पोराचं नाव घेता येतं मना. तुजं नाव पुरं सांगता येतं. ते सांगलं."

वैशालीच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत ओट्याखाली गेला, तिनं बघितलं पण नाही.

हवालदार जरा नरमला. "ठीक आहे आजी. आता सांगा पुरं नाव. हिचं खोडतो, तुमचं घालतो. ही मोकळी."

"रेशनकार्डावर हाय. देतू आनून, वाचा."

"जबाब वाचून घेत नाहीत, आजी. तोंडून घेतात."

"केस होऊं दे माज्यावर. तारखा होऊं दे. मी जाईन दर तारखेला. पन तेवढं…"

"तेवढंच तर पाहिजे."

केशरबाईनं वैशालीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या नकाशाकडे. आणि दोन्ही हातांनी चौकट धरली, अगं, जशी भरतीत होडीची कड धरावी.

"लिवा," ती म्हणाली. "केशरबाई…"

हवालदारानं पेन टेकवलं.

"केशरबाई…" पुढं आवाजच नाही. ओठ नुसते हलतायत. मानेच्या शिरा ताठ झालेल्या, कपाळावरून घाम. चौकटीवर बोटं पांढरी पडली. वैशाली एकटक बघत होती. तिला सगळं लंडन त्या ओठांवर दिसत होतं. एक शब्द. दोन अक्षरी, तीन अक्षरी, काय असेल ते. तो पडला की पासपोर्ट.

केशरबाईनं डोळे घट्ट मिटले. छाती भरून श्वास घेतला. आता खरंच तिच्या तोंडून पहिलं अक्षर निघालं, अर्धं…

आणि वैशालीनं उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मीच होते मोर्चात," ती हवालदाराला म्हणाली. "मारा शेरा."

तो बघतच राहिला. "बाई, नीट विचार करा. एका नावासाठी?"

"मारा म्हटलं ना."

त्यानं मारला. केशरबाईच्या तोंडावरचा हात, हवालदार ओट्यावरून उतरून गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत वैशालीनं काढला नाही. कान्हा पुढं एकटा गेला की नाही, ती भांडणं वेगळीच. पण तू मला एवढंच सांग, फक्त एक शब्द बाकी होता गं, फक्त एक. तू असतीस तर हात ठेवला असतास, की थांबून ते नाव ऐकलं असतंस?