दहाचं हेल्मेट

"हेही नको. दुसरं दाखवा," फोरमन म्हणाला आणि त्याने तिसरं हेल्मेट कारखान्याच्या गोदामातल्या फळीवर परत ठेवलं.

तपासणीच्या बाईंना हसू आवरेना. "अहो काका, पोरीसाठी हेल्मेट बघताय की स्थळ? किती नाकं मुरडाल!"

फोरमनची मुलगी नुकतीच स्कूटर शिकली होती. कामगारांना घरासाठी एक हेल्मेट मिळे, बाईंच्या सहीने. तो मात्र प्रत्येक हेल्मेट उलटं करून आत छापलेली तारीख आणि तास बघत होता.

"दहाचं असेल तर द्या," तो हळूच म्हणाला.

दहा ही बाईंची वेळ. सकाळी दहाच्या ठोक्याला त्या यंत्रापाशी जात, हेल्मेटची नुकतीच निघालेली चार-पाच कवचं उचलत आणि तपासणीच्या खोलीत लोखंडी डोक्यावर बसवून त्यांच्यावर वजन सोडून बघत. पाऊस असो, ताप असो, दहा म्हणजे दहा. त्यांच्या येण्यावर घड्याळ लावावं, असं अख्खा कारखाना म्हणे. आजवर एकाही कवचाला साधी चीर गेली नव्हती आणि याचा बाईंना कोण अभिमान! असणारच. इतक्या नेमाने काम करणारी माणसं आता राहिलीत कुठे?

"अहो, सगळी सारखीच," बाई म्हणाल्या. "माझ्या लेकीला मी गेल्या महिन्यात वरचंच उचलून दिलं. आत्ता तेच घालून कॉलेजला निघाली असेल."

फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला. "कितीचं होतं, ताई?"

"चारचं बहुतेक. का हो?"

त्याची नजर फळीवरच्या, नाकारलेल्या हेल्मेटांकडे गेली. बाईंनी त्याने नाकारलेलं एक हेल्मेट उचललं, तडक तपासणीच्या खोलीत नेलं आणि वजन सोडलं. एरवी ठप्प आवाज होऊन वजन उसळे. आज ते उसळलंच नाही. कवच मडक्यासारखं फुटलं आणि वजन आतल्या लोखंडी डोक्यावर जाऊन आदळलं.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी लेकीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजतच राहिली. कितीतरी वेळाने तिने उचलला.

"काय गं आई? सिग्नलला उभी आहे मी."

"गाडी तिथेच कडेला लाव. चालत जा. एक हातभरसुद्धा चालवू नकोस."

"अगं, घाबरतेस काय एवढी? हेल्मेट घातलंय की!"

"लाव म्हणते ना!" बाई किंचाळल्या. लेकीने घाबरून गाडी कडेला घेतली. ती खरंच उतरली, हे तिच्या तोंडून दोनदा ऐकेपर्यंत बाईंनी फोन सोडला नाही.

मग त्या फोरमनवर तुटून पडल्या. डोळ्यांत पाणी, अंगाची लाही. "इतकी वर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत? मला फसवलंत?"

फोरमन आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंपेक्षा त्यालाच जास्त धक्का बसला होता.

"फसवलं? अहो ताई, दहाच्या सुमाराला तेवढं नवं प्लास्टिक घालायचं, बाकी दिवसभर दळलेलं भंगार, हे इथल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. आम्ही समजत होतो, तुम्ही आमच्यातल्याच. नाहीतर रोज न चुकता दहालाच कशाला आला असतात?"