पाण्याच्या वाटेनं

"महाडवरनं सरळ गेलो तर दुपारच्या जेवणाला पोचू," मिथुन म्हणाला. मोबाइलवरचा नकाशा त्यानं बोटांनी मोठा केला. "श्रीवर्धनकडनं गेलो तर फेरीबोटीची वाट बघत बसायला लागेल."

"लागू दे," गोजरा म्हणाली. "पान्यावरनंच जाव."

मिथुननं बापाकडे पाहिलं. हिरामण खिडकीशी बसला होता. उभा जन्म करावे गावच्या खाडीत होडी हाकलेला माणूस. दापोलीच्या पुढच्या त्या घरात एकदा शिरला की त्याला पुन्हा पाण्यावर कोण नेणार? निदान जाताना तरी बागमांडल्याला गाडी बोटीवर चढावी, त्यानं कठड्याशी उभं राहावं, खारा वारा तोंडावर घ्यावा. एवढंच गोजराच्या मनात होतं.

"तुजी आय म्हनते तसंच जाव," हिरामण म्हणाला.

"बरं. मग पहाटेच निघू. पेणच्या पुढं ट्रॅफिक होतं."

कशासाठी चाललोय हे कुणी बोललं नाही. ते घर प्रियाच्या, म्हणजे सुनेच्या, मावशीचं होतं. म्हाताऱ्या, आजारी माणसांना ती सांभाळायची. "तिथं नीट बघतील, आई," प्रियानं गोजराचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. "आम्ही दोघं दिवसभर कामावर. आता नाही झेपत." गोजरानं मान हलवली होती. सून खोटं बोलत नव्हती.

हिरामण बिघडत चालला होता. आधी बारीकसारीक गोष्टी. साखरेच्या, मिठाच्या डब्यांवर त्यानं चिठ्ठ्या चिकटवल्या. सकाळी उठला की विचारायचा, "गोजरे, आज वार कंचा?" तिनं सांगितला तरी तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, पटलं नसल्यासारखा. मग शेगडीचं सुरू झालं. गोजरानं गॅस बंद केला तरी हा मागनं जाऊन बटणं चाचपून यायचा. दाराला आतून कुलूप घालून किल्ली कमरेला खोचायचा आणि उंबऱ्यालाच अंथरूण टाकायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच समोर येऊन उभा राहायचा. छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मी हिरामण."

आपलं नाव हातून निसटू नये म्हणून बिचारा घोकत असावा. "हो, हो, तुमी हिरामण," असं म्हणत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. मग तो न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायचा. आतून नळाचा आवाज यायचा आणि त्याच्या रडण्याचाही.

एकदा तर भरतीच्या पाण्यात तो कपड्यांनिशी खाडीत उतरला. गोजरा सोबत होती म्हणून बरं. तिनं त्याचा हात असा धरला होता की नखं रुतली. दोघं चिखलातनं वर आली तेव्हा तिच्या अंबाड्यातनं पाणी गळत होतं. जेट्टीवर जाळी विणणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्याच संध्याकाळी मिथुननं मावशीला फोन लावला.

आता प्रिया सामान काढत होती. वांतीच्या गोळ्या, उशी, पाण्याच्या बाटल्या. कोलाडला चहा घ्यायचा, श्रीवर्धनला जेवायचं, मग बोट.

"खोलीत खाटा किती?" गोजरानं विचारलं.

प्रियाचा घडी घालणारा हात थांबला. "एकच, आई."

"नि खिडकी?"

"आहे ना. समुद्र दिसतो."

एकट्यानं झोपायची त्याला सवय नव्हती. गोजरानं त्याचे सदरे, लुंग्या, लोकरीची टोपी बॅगेत भरली. पहाटे बघते तर सगळं पुन्हा खुंटीवर. घाबरलाय, तिनं ओळखलं. लहान पोरासारखं, कपडे काढून ठेवले की जाणं टळेल असं वाटत असेल. तिनं सगळं परत भरलं.

गाडीत हिरामण तिच्याशेजारी मागे बसला. त्यानं तिचा हात सोडलाच नाही. कोलाडला चहाचा पेला त्यानं आपल्या हातानं तिच्या ओठांना लावला. श्रीवर्धनला दोघंही धड जेवली नाहीत.

बागमांडल्याला बोट लागली. गाड्या एकामागून एक चढल्या, फळी वर उचलली गेली, इंजिन धडधडू लागलं. मिथुन गाडीतून उतरला नाही. स्टेअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला. प्रिया त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर बघत होती.

गोजरानं हिरामणला कठड्याशी नेलं. वारा भणाणत होता. पलीकडचा वेश्वीचा धक्का मोठा होत चालला होता. तिला राहवेना. ज्याच्यासोबत आयुष्य काढलं त्याला न सांगता नेऊन सोडायचं म्हणजे गुरासारखं विकायला काढणं.

"अवो, ऐका," ती म्हणाली. "आमी तुमाला फिरवाया नाय आनलं. तिकडं ठेवाया आनलं. माजा नाइलाज हाय. मी येत जाईन भेटाया, मिथुन आनील मना. तुमी घाबरू नका. मना माफ करा."

हिरामण पाण्याकडनं तिच्याकडे वळला. मग त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"मी रोज तुला सांगतो, गोजरे," तो म्हणाला. "नि रोज तू मनाच धीर देतेस."

"काय सांगता?"

"तिकडं मी नाय राहनार. तू राहनार हायस."