नवी रॅम

कॅबिनेट उघडून मी नवी रॅम पुन्हा खोडरबरानं घासली आणि दुसऱ्या खाचेत बसवली. अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरनं तरीही तीच लांब बीप दिली. जुनी रॅम एकटी चालायची, नवी लावली की स्क्रीन काळी. अण्णांनी केलेल्या सगळ्या लग्नपत्रिका त्यात होत्या, म्हणून मला तो टाकवत नव्हता.

"हे असते तर आधी पूजा केली असती," आई मेथी निवडता निवडता म्हणाली. "नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबू द्यायचे नाहीत."

मी रॅम काढून टेबलावर ठेवली आणि धूळ झटकायला ब्रश आणायला आत गेले. परत आले तर रॅमवर कुंकवाचं बोट उमटलेलं, अजून ओलं. मी ते पुसलं नाही. तशीच बसवली, बटण दाबलं. एकच छोटी बीप झाली आणि स्क्रीन उजळली.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" मी हसून म्हणाले. "कुंकू लावलंस ते बरं केलंस."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मी कुठून लावणार? हे गेल्यापासून घरात कुंकू आहे कुठे?"